विंगेतला गडी

पहाटे ४.४५

गजर त्याचा, जाग मला. भाच्याची खोली माझ्या खोलीच्या बरोबर वर आहे. गजर बंद झाला की वजनकाटा फरशीवरून ओढल्याचा आवाज येतो, मग दोन मिनिटं शांतता. तेवढ्या वेळात तो वजन वहीत लिहितो. बंगळुरूच्या जे. पी. नगरात या वेळी दुसरा आवाज एकच, कोपऱ्यावर नंदिनीच्या दुधाचे क्रेट उतरवल्याचा.

वही शाळेतली, दोनशे पानी. पट्टीने आखलेले रकाने : तारीख, वजन, झोप, धाव, चेंडू, खाडा. पहिले चार मला लगेच कळले. ‘चेंडू’ कळायला सराव पाहावा लागला. ‘खाडा’ मात्र मीच त्याला शिकवलेला शब्द, आणि त्यानं तो असा वहीत घातला.

पोरगा बावीस वर्षांचा, धाकट्या बहिणीचा. करवीर तालुक्यातलं गाव. गावात कबड्डी खेळला, अकरावीला कोल्हापुरात आला आणि तिथे कुणीतरी त्याच्या हातात लंबगोल चेंडू दिला. दीड वर्षापूर्वी नोकरीच्या निमित्ताने बंगळुरूला माझ्याकडे आला तेव्हा पिशवीत दोन जोड कपडे आणि तीन जोड बूट होते. खेळतो सात जणांची रग्बी. जागा विंगची.

विंग म्हटलं की मराठी माणसाला नाटकाची विंग आठवते. मला तर जास्तच, कारण जे. पी. नगरच्या दुसऱ्या फेजमधलं रंगशंकरा नाट्यगृह माझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. नट-दिग्दर्शक शंकर नाग यांच्या आठवणीसाठी त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांनी ते २००४ मध्ये उभं केलं. तिथे नाटक ठरल्या मिनिटाला सुरू होतं आणि उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत. एकदा मी भाच्यासाठी तिकीट काढून ठेवलं. शंभर मीटर बारा सेकंदांच्या आत पळणारा हा मुलगा दोन मिनिटं उशिरा पोचला आणि बाहेर बसून साबुदाणा वडा खाऊन परत गेला. “मावशे, वडा लई भारी हुता,” एवढंच त्याचं नाट्यसमीक्षण.

५.३०

मी सारक्की तळ्यावर फेरी मारायला जाते, तो तिथे फक्त अंग मोकळं करतो. तळ्याच्या वाटेवर मंकी टोपी घातलेले काका चालत असतात, त्यांच्या मधून जोरात पळणं बरं नव्हे. खऱ्या धावा मागच्या चढाच्या गल्लीत. त्याचं पळणं पाहणाऱ्याला विचित्र वाटतं. तो आधी रमतगमत चालतो, मान वळवून मागे बघतो, आणि अचानक चाळीस मीटर जीव तोडून सुटतो. मग थांबतो, परत चालतो. पहिल्या आठवड्यात समोरच्या घरातल्या बाईंनी मला कन्नडमध्ये विचारलं होतं की तुमचा मुलगा रोज घरी काय विसरतो?

विंगवाल्याचं काम असंच असतं. मैदान ६८ मीटर रुंद, आणि हा त्याच्या पार कडेला, पांढऱ्या रेषेपासून दोन हातांवर उभा. चेंडू मध्यावर. तिकडे माणसं माणसांवर आदळतायत, हा चालतोय, मागे सरकतोय, पुढे येतोय. चेंडू हातोहात फिरत कडेला पोचेपर्यंत सगळा खेळ आटपलेला असतो, आणि उरलेलं काम चार-पाच सेकंदांचं. ते पूर्ण वेगात करायचं, तेही चालण्यातून सुटून. म्हणून सरावात ठोकळ्यावर पाय देऊन सुटायचं नाही.

रेषेचं भय त्याला कबड्डीमुळे आधीपासून आहे. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, त्यात दोन्ही कडेच्या एक-एक मीटरच्या लॉबी झटापट होईपर्यंत बंद. म्हणजे कडेचा हिशेब ठेवत अंग वळवायची सवय पायांतच आहे. पण कबड्डीत चढाईला जायचं की नाही हे निदान आपल्या पाळीनं ठरतं. विंगवर पाळी नाही. “कबड्डीत मी जात हुतो, इथं चेंडू यायची वाट बघतो,” असं तो म्हणतो. हे ऐकल्यावर मला ‘चेंडू’ रकान्याचा अर्थ लागला. दिवसभराच्या सरावात किंवा सामन्यात चेंडू आपल्या हातात किती वेळा आला, एवढाच तो आकडा.

७.००

सहा अंडी, दोन नाचणीच्या भाकरी, वाटीभर दही. इथे नाचणीला रागी म्हणतात आणि तिचे मुद्दे करतात. मुद्दे गिळायचे असतात, चावायचे नसतात, हे या पोराला अजून जमलेलं नाही. खाण्यापेक्षा मोठा वेळ खाण्याच्या हिशेबात जातो. वजन अठ्ठ्याहत्तरच्या खाली गेलं की टॅकलमध्ये, म्हणजे समोरच्याला धरून पाडताना, उडतो, ऐंशीच्या वर गेलं की वेग उतरतो. म्हणजे माझ्या स्वयंपाकघराला दोन किलोंची मुभा.

८.१५

एका खाजगी शाळेत खेळाचे सर. कंत्राटी. सकाळभर कवायत, रिंग, लंगडी, पाचवीतल्या दोघांचं भांडण, सहावीतल्या एकाचं नाक. याबद्दल तो घरी फारसं बोलत नाही आणि मीही विचारत नाही. महत्त्वाची अट एकच आहे : गैरहजर राहिलात की त्या दिवसाचा पगार कापला.

जूनमध्ये त्याचे असे चार दिवस कापले गेले. मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, १५ ते २९ जून २०२५. सहा संघ, सात-सात जणांचा खेळ, चार-चार मिनिटांचे चार भाग. त्यात बंगळुरूचा ब्रेव्हहार्ट्स नावाचा संघ होता. सहा संघांत मिळून भारतीय खेळाडू तीस, बाकीचे परदेशी. भाचा त्या तिसांत नव्हता. तरी गेला, प्रेक्षकांत बसून पाहायला. अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सनी दिल्ली रेड्झला ४१-० असं धुतलं, पण त्या निकालापेक्षा फिजी-न्यूझीलंडकडचे खेळाडू चेंडू नसताना काय करतात हे तो चार दिवस बघत बसला होता. परत आला तो वहीची दोन पानं भरून, आणि पगार कमी घेऊन. ज्या संकुलात हे सामने झाले त्याला शहाजीराजे भोसल्यांचं नाव आहे. शहाजीराजांकडे बंगळुरूची जहागीर १६३८ पासून होती. म्हणजे आमच्याकडून अंधेरीला जायला ऐतिहासिक कारण होतं, पण शाळेच्या हजेरीपटात तसा रकाना नाही.

तेव्हा मी त्याला म्हटलं, “अरे, याला आपल्याकडे खाडा म्हणतात.” गिरणीत, शेतात, बांधकामावर, रोजानं काम करणाऱ्या माणसाचा चुकलेला दिवस म्हणजे खाडा. आणि मग त्याला एक गोष्ट सांगितली, कारण त्याच्या खेळाच्या घराण्यात एक मोठी फाळणी याच शब्दावरून झालेली आहे.

इंग्लंडच्या उत्तरेत, यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रग्बी खेळणारे बरेचसे गडी गिरणीतले आणि खाणीतले होते. शनिवारी अर्धा दिवस काम असे. सामन्याला लांब जायचं तर तो बुडवायचा, म्हणजे खाडा. क्लबांचं म्हणणं, खाड्याचे पैसे आम्ही भरून देतो. लंडनकडच्या साहेब मंडळींचं म्हणणं, खेळ हौसेचा, पैसे घेतले की बाटला. ज्याचं घर शनिवारच्या मजुरीवर चालत नाही त्याला हौस परवडते, हे साधं गणित त्यांच्या लक्षात आलं नाही किंवा आणून घ्यायचं नव्हतं. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. दिवसाला सहा शिलिंगपर्यंत खाडा-भरपाई द्यायची मुभा ठेवली. त्या चुलीवर पुढे शिजली ती रग्बी लीग. पंधराचे तेरा गडी झाले, नियम बदलले, खेळच निराळा झाला.

गंमत पुढेच आहे. १८९८ मध्ये त्यांनी खेळण्याचे पैसे द्यायलाही परवानगी दिली, पण अट घातली की खेळाडूला दुसरं नेमाचं काम हवंच, आणि तेही ‘खरं’ काम. गुत्त्यात ग्लास भरणं किंवा बिलियर्डच्या टेबलाशी गुण मोजत उभं राहणं काम धरलं जात नसे. म्हणजे खेळून पोट भरायची सोय करणाऱ्यांनाही, नुसतं खेळून पोट भरणारा माणूस जरा संशयास्पदच वाटत होता. माझ्या बहिणीला आजही वाटतो. जुन्या घराण्याने, पंधरा जणांच्या रग्बीने, पैसे घेणं उघडपणे मान्य केलं ते १९९५ मध्ये. एका खाड्याचा निकाल लागायला शंभर वर्षं.

आपल्याकडे हा तंटा वेगळ्या वाटेनं मिटवला गेला. लालबाग-परळच्या गिरणगावात कबड्डी रुजली तीही पाळी संपवून मैदानात उतरणाऱ्या कामगारांत, आणि पुढे बँका, रेल्वे, पोलीस, कंपन्या यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. मी बँकेत होते. आमच्या शाखेत खेळाडू म्हणून लागलेला एक कारकून दुपारी तीनला सरावाला उठायचा आणि त्याचा काउंटर आम्ही सांभाळायचो. वीस वर्षं मी त्याच्या नावाने बोटं मोडली. तो उठून जात होता म्हणजे त्याचा खाडा बँक भरत होती आणि आम्ही पाचजणी काउंटरवरून तो फेडत होतो. हे मला भाच्याचा कापलेला पगार पाहून, निवृत्तीनंतर कळलं. रग्बीला अजून अशा बँका फारशा मिळालेल्या नाहीत.

दुपारी १.३०

भात, सांबार, झोप. झोपही सरावातच धरतात, असं त्याचं म्हणणं. वहीतल्या रकान्यात ती दोन तुकड्यांत लिहिलेली असते : ६ + १.

३.३०

आज शुक्रवार. सिडनीत रात्रीचे आठ म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगचा सामना फोनवर सुरू, फोन माझ्या पुस्तकांना टेकवलेला. तो स्वतः लीग खेळत नाही, बंगळुरूत सात जणांचीच रग्बी खेळतो. पण विंगचा अभ्यास लीगमध्येच करावा, असं त्याचं ठाम मत आहे, आणि मला ते पटायला लागलंय.

कबड्डी पाहिलेल्या माणसाला लीग लवकर कळते. चेंडूवाल्याला पकडला, पाडला, की खेळ क्षणभर थांबतो. तो उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो, पुन्हा धडक. अशा धडका सहा. १९६६ मध्ये ही मर्यादा पहिल्यांदा घातली तेव्हा चारच होत्या, १९७२ पासून सहा झाल्या. सहाव्या पकडीपर्यंत रेषा गाठली नाही तर चेंडू समोरच्यांना. चढाईला जसा तीस सेकंदांचा धाक, तसा इथे सहाचा. त्यामुळे पाचव्या पकडीनंतर बहुतेक संघ चेंडू उंच मारतात, आणि मारतात कुठे? कोपऱ्यात, विंगवाल्याच्या डोक्यावर. पाठीवर २ किंवा ५ आकडा असलेला तो गडी. वर बघायचं, समोरचा अंगावर येणार हे माहीत असून उडी मारायची, चेंडू छातीशी घ्यायचा आणि खाली रेषेच्या आत उतरायचं.

“ह्ये बघ, ह्ये बघ.” सामना मध्यांतराला थांबला की तो मला जुन्या चित्रफिती दाखवतो. आज मार्च २०२४ मधली. मेलबर्न स्टॉर्मचा विंगर झेवियर कोट्स, सामना संपत आलेला, संघ मागे. चेंडू कोपऱ्यात त्याच्याकडे येतो, समोरचा त्याला रेषेबाहेर ढकलणार तेवढ्यात हा जमिनीला समांतर उडतो. सगळं अंग मैदानाच्या बाहेर, हवेत. आणि चेंडू धरलेला एकटा हात आत, रेषेच्या पलीकडे टेकलेला. ट्राय, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे टेकवणं. चार गुण. स्टॉर्म ३०-२६ ने जिंकले. अंग बाहेर असलं तरी जमिनीला टेकलेलं नव्हतं, म्हणून चालतं. भाच्याने हे मला बारा वेळा दाखवलंय. बाराव्यांदा तो कोट्सचा हात दाखवत नव्हता, त्याआधीची चार पावलं दाखवत होता. चेंडू यायच्या आधी माणूस योग्य ठिकाणी पोचलेला असतो, ते तिथे दिसतं.

मला आवडते ती गोष्ट जुनी आहे, आणि ती त्याला मी सांगते. क्लाइव्ह सलिव्हन, वेल्समधल्या कार्डिफचा काळा मुलगा. लहानपणी पायांवर शस्त्रक्रिया झालेल्या, हा नीट चालेल की नाही अशी डॉक्टरांना शंका. मोठा होऊन लष्करात गेला. १९६१ मध्ये हल नावाच्या लीग क्लबकडे चाचणीचा सामना खेळायला गेला तो नाव लपवून, कारण लीगच्या मैदानात दिसला असता तर जुन्या घराण्याच्या रग्बीचं दार त्याला बंद झालं असतं. त्या निनावी सामन्यात त्याने तीन ट्राय केले, आणि लगेच करार झाला. १९७२ च्या विश्वचषकात तो ब्रिटनचा कर्णधार होता. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा अंतिम सामना १०-१० बरोबरीत सुटला, आधीच्या कामगिरीवर चषक ब्रिटनला मिळाला. त्या सामन्यात कर्णधार विंगवरून जवळजवळ मैदानभर पळत गेला होता. हल शहरात आज एका मोठ्या रस्त्याला त्याचं नाव आहे. १९८५ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो कॅन्सरने गेला.

भाच्याला यातली एकच गोष्ट विचारावीशी वाटली. “नाव लपवून म्हंजे, रजा कशी टाकली असंल त्यानं?”

ब्रायन बेव्हनची गोष्ट मात्र त्याला तोंडपाठ आहे. ऑस्ट्रेलियन आरमारात बोटीवर काम करणारा, हडकुळा, लवकर टक्कल पडलेला, गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळलेला माणूस. पाहून कुणी म्हणणार नाही हा खेळाडू. युद्ध संपताना बोट इंग्लंडला लागली, लीड्सनं त्याला घेतलं नाही, वॉरिंग्टननं घेतलं. कारकिर्दीत ७९६ ट्राय. लीगमध्ये तेवढे कुणाचेच नाहीत. आरशात स्वतःच्या बरगड्या बघताना भाचा हा आकडा पुटपुटतो.

५.१५

सरावाला निघतो. मैदान शहराच्या दुसऱ्या टोकाला. जयप्रकाश नगर स्टेशनवरून हिरव्या मार्गाची मेट्रो, पुढे बस. २०२५ च्या फेब्रुवारीत मेट्रोचं भाडं वाढल्यापासून परतीच्या बसचा हिशेब आधी करतो. आज मीही गेले, रिक्षाने, म्हणून उशिरा पोचले. संध्याकाळी बन्नेरघट्टा रस्त्यावरून कुठेही वेळेवर जाता येत नाही, याला या शहरात कुणी बहाणा म्हणत नाही.

पाऊस भुरभुरत होता. वीसेक पोरं, चार पोरी, दोन दिव्यांचे खांब. निम्मे आयटीवाले, हौसेने येणारे, त्यांचे बूट सगळ्यांत भारी. उरलेल्यांत ईशान्येकडचे दोघे, कोडगूचा एक, आणि आमचा. आधी गादीसारख्या ढालींवर टॅकल. डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं यावर प्रशिक्षक चार वेळा ओरडले. डोकं चुकीच्या बाजूला गेलं तर समोरच्याचा गुडघा थेट कानशिलात. मग दोनास एक : दोघे चेंडू घेऊन येतात, एकजण अडवतो, बाहेरच्याला नेमक्या क्षणी चेंडू द्यायचा. लवकर दिला तर अडवणारा सरकून विंगवाल्याला रेषेबाहेर ढकलतो. उशिरा दिला तर देणाराच पडतो. भाचा बाहेरचा. सहा वेळा धावला, तीनदा चेंडू आलाच नाही. सहाही वेळा तो शेवटपर्यंत पूर्ण वेगात गेला, चेंडू येणार नाही हे अर्ध्यात दिसलं तरी.

शेवटी उंच चेंडू. पावसात, दिव्याच्या उजेडात, वर बघून. पहिले दोन निसटले. तिसरा घेऊन उतरताना पाय घसरला आणि तो मांडी धरून बसला. मी कट्ट्यावरून उठले. त्याने लांबूनच हाताने मला ‘बस’ असं केलं. गेल्या डिसेंबरात हीच मांडीमागची शीर दुखावली होती, तेव्हा सहा आठवडे घरात होता आणि मी त्याला दुपारच्या मराठी मालिका दाखवल्या. या वेळी उठला, दोन पावलं लंगडला, पळाला. माझा जीव ठिकाणावर यायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

रात्री ८.४५

घरी. फ्रीजरमधल्या वाटाण्यांची पिशवी मांडीवर. हे वाटाणे आता कुणी खाणार नाही. तेवढ्यात बहिणीचा फोन, स्पीकरवर.

“जेवलास का?”

“जेवतोय की.”

“पोलीस भरतीचं काय ठरलं तुझं?”

बहिणीचं म्हणणं चुकीचं नाही, हे मी दोघांनाही सांगून पाहिलंय. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण. शंभर मीटरचे गुण हा पोरगा झोपेतून उठून मिळवेल. तिच्या लेखी पोराच्या पायातला वेग भरतीच्या मैदानावर एकदा खर्च झाला की जन्माचं काम होतं, आणि तो इथे रोज गल्लीत उधळतोय.

“आये, भरती पुढच्या वर्षीबी हाय. पाय पुढच्या वर्षी असंच असतील असं न्हाई.”

तिकडे शांतता. मग बहीण मला म्हणाली, “ताई, तू तरी सांग.” मी म्हटलं, वाटाणे विरघळतायत, उद्या बोलू.

१०.००

इंग्लंडमधल्या लीगचे सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होतात. ते पाहायचे नाहीत, झोपायचं, हा नियम त्याचा त्यानेच केलाय. वर जाताना वही जेवणाच्या टेबलावर विसरला. खरं तर विसरला असं म्हणते, त्याला ठाऊक आहे मी वाचते.

आजची ओळ : वजन ७८.६. झोप ६ + १. धाव १२. चेंडू ७, त्यातले दोन खोडून ५ केलेले, निसटलेले धरायचे नाहीत म्हणून. खाडा ०.

त्याखाली पुढच्या आठवड्याच्या तारखा आधीच घातलेल्या. बुधवारी पुण्याला निवड चाचणी आहे. एका जागेसाठी किती येणार हे त्याला माहीत नाही. शाळेत अजून सांगितलेलं नाही, सोमवारी सांगणार. बुधवारच्या ओळीत बाकी सगळे रकाने कोरे आहेत, शेवटच्यात त्याने पेनने १ लिहून ठेवलाय.

वरून गजर लावल्याचा बारीक ‘टिक’ आला. मी खालच्या मजल्यावरचा दिवा बंद केला आणि वाटाणे परत फ्रीजरमध्ये ठेवले.